आरोग्यप्रश्न : हातापायांचा बधिरपणा अंगावर काढू नका

या महिन्यात निवडलेली तिन्ही पत्रे हातापायांच्या बधिरपणाविषयी आहेत. दुखणे असह्य झाले की माणूस दवाखाना गाठतो. बधिरपणा दुखत नाही, म्हणून तो महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो, आणि मज्जातंतू वाचवता येण्याजोगा काळ नेमका त्यातच निघून जातो.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ५८ असून नऊ वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. वर्षभरापासून त्यांच्या तळपायांना मुंग्या येतात व रात्री आग होते. अलीकडे शेतातून परतताना पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही. मागील महिन्यात पऱ्हाटीचे धसकट तळव्यात घुसले, तेही आईला अंगणात रक्ताचे ठसे दिसले तेव्हा समजले. जखम आता भरली आहे. डॉक्टर दर आठवड्याला लाल रंगाची ताकदीची सुई देतात. एवढे पुरेसे आहे का?
— एक वाचक, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : पुरेसे नाही, आणि जखम भरली म्हणून निश्चिंतही राहू नये. धसकट घुसूनही वेदना झाली नाही, याचा अर्थ पायाचे रक्षण करणारी संवेदनाच गेली आहे किंवा बरीच कमी झाली आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की मज्जातंतू आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या खराब होत जातात. सर्वांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत पोहोचतात, त्यामुळे त्यांची टोके आधी निकामी होतात आणि बधिरपणा दोन्ही पायांत बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तसा वर सरकत जातो. मुंग्या आणि आग ही पहिली तक्रार असते. ती पुढे आपोआप थांबली, तर घरच्यांना आराम पडल्यासारखे वाटते, परंतु अनेकदा तो तंतू पुरता बधिर झाल्याचा परिणाम असतो.

लाल सुई बहुधा ब जीवनसत्त्वाची असते. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध अनेक वर्षे घेणाऱ्यांत ब-१२ कमी होऊ शकते आणि त्या कमतरतेनेही हातपाय बधिर होतात, म्हणून रक्तातील ब-१२ एकदा तपासून घ्यावे व कमी असल्यास सुई अवश्य घ्यावी. ते कमी नसेल, तर साखर तशीच वाढलेली ठेवून टोचलेल्या सुयांनी मज्जातंतू सुधारणार नाहीत. शिवाय ब-६ हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर स्वतःच मज्जातंतूंना अपाय करते, हे सुया मागून घेणाऱ्यांनी जाणून असावे. रात्रीची आग कमी करणारी चांगली औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळतात. ती झोप देतात, तंतू दुरुस्त करत नाहीत.

वडिलांना ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेऊन गेल्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी करून घ्या. बहुतेक रुग्णांत ती ७ टक्क्यांच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो. वडिलांचे वय आणि इतर आजार पाहून त्यांचे उद्दिष्ट डॉक्टर ठरवतील. तेथे पाय तपासण्याचा आग्रह धरावा, कारण गर्दीत नेमके तेच राहून जाते. दहा ग्रॅम दाबाचा बारीक नायलॉनचा धागा तळव्यावर टेकवून संवेदना पाहतात, कंपन पावणारा चिमटा अंगठ्याच्या हाडावर ठेवतात आणि पायाची नाडी पाहतात. एवढे करायला काही मिनिटे पुरतात, आणि मधुमेह असलेल्या प्रत्येकाच्या पायांची अशी तपासणी वर्षातून एकदा तरी झालीच पाहिजे. वडिलांची यापेक्षा अधिक वेळा करावी लागेल.

घरची जबाबदारी मात्र रोजची आहे. संध्याकाळी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, उजेडात तळवे पाहावेत. वडिलांना वाकता येत नसेल तर आईने पाहावेत किंवा जमिनीवर आरसा ठेवावा. अंघोळीच्या पाण्याची उष्णता पायाने जोखू नये, कोपराने जोखावी किंवा दुसऱ्या कोणी पाहावी. हिवाळ्यात शेकोटीजवळ पाय शेकणे पूर्णपणे बंद करावे, कारण बधिर तळवा भाजतो आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. शेतात अंगठ्याच्या पट्टीची स्लीपर चालणार नाही. मागे पट्टा असलेली, जाड तळाची, पुढे बंद असलेली पादत्राणे घ्यावीत आणि घालण्यापूर्वी झटकून आत हात फिरवून पाहावा. भोवरी ब्लेडने कापू नये. वडील खर्रा खात असतील तर तो सोडवण्यासाठी घरच्यांनी मनापासून प्रयत्न करावेत, कारण तंबाखूमुळे पायाचा रक्तपुरवठा आणखी घटतो. जखमेभोवती लाली, सूज, पू किंवा वास दिसला, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

आपणही स्वतःची तपासणी करून घ्या. तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह व रक्तदाबाची तपासणी आरोग्य उपकेंद्रात मोफत होते. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ च्या दरम्यान असेल, तर वजन, आहार आणि चालणे यांच्या बळावर मधुमेह रोखता किंवा बराच लांबवता येतो.

प्रश्न : कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री उजवा हात बधिर होऊन जाग येते. हात झटकला की बरे वाटते. हा अर्धांगवायूचा प्रकार तर नाही?
— एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : आपण लिहिलेल्या लक्षणांवरून तसे वाटत नाही. मनगटातील अरुंद बोगद्यात नस दाबली गेली की अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो, आणि रात्री हात झटकल्यावर आराम मिळतो. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा काही आठवडे वापरावा. थायरॉईड व साखर तपासावी. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सुकू लागला किंवा हातातून वस्तू पडू लागल्या, तर थांबू नये. मात्र तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडणे यांपैकी काहीही झाले, तर क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

प्रश्न : माझे वय ४१ आहे. डाव्या हातावर फिकट चट्टा आहे, तो खाजत नाही. या रोवणीत त्याच हाताची करंगळी बधिर असल्याचे जाणवले. सासूबाई कोड म्हणतात. जाऊबाई म्हणतात, मुलीचे लग्न व्हायचे आहे, कोणाला दाखवू नका. मेडिकलमधून मलम आणून लावू का?
— एक वाचिका, लाखांदूर तालुका, जि. भंडारा

उत्तर : ताई, मलम लावत बसू नका, याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कोडाचा डाग पांढराशुभ्र असतो आणि त्यावर स्पर्श नेहमीसारखाच कळतो. न खाजणारा फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श न कळणे आणि जोडीला करंगळीचा बधिरपणा, हे कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. निदान तपासणीनंतरच होईल. डॉक्टर डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर हलकेच स्पर्श करतील आणि कोपराच्या आतल्या बाजूची, करंगळीकडे जाणारी नस जाड झाली आहे का ते बोटांनी चाचपतील.

कुष्ठरोग निघालाच, तर त्यावर खात्रीचा इलाज आहे. बहुविध औषधोपचाराच्या गोळ्या शासकीय आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्याव्या लागतात. लघवी लालसर होणे किंवा त्वचा काही काळ काळवंडणे हे औषधांचे परिणाम आहेत, त्यांना घाबरून गोळ्या सोडू नयेत. गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून संसर्गाचा धोका राहत नाही, म्हणून वेगळे ताट किंवा वेगळे अंथरूण यांची काहीही गरज नाही. वर्ध्याजवळचे दत्तपूर हे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे केंद्र १९३६ साली उभे राहिले, तेव्हा हा उपचार नव्हता. त्या काळची भीती आपल्या घराघरांत अजून शिल्लक आहे, आणि तिच्यामुळे बायका चट्टा पदराआड झाकून ठेवतात, याचे मला फार वाईट वाटते.

करंगळीचा बधिरपणा किती दिवसांचा आहे, हे डॉक्टरांना नक्की सांगा. तो सहा महिन्यांच्या आतला असेल, तर देखरेखीखाली प्रेडनिसोलोन देऊन नसेचे काम पुष्कळदा परत मिळवता येते. त्याहून जुना झाला की ती आशा कमी होते आणि बोटे वाकू लागतात. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही चट्टे अचानक लाल होऊन सुजले, कोपराजवळची नस दुखू लागली किंवा डोळा नीट मिटेनासा झाला, तर ती कुष्ठरोगातील रिॲक्शन, म्हणजे शरीराची तीव्र प्रतिक्रिया, समजून त्याच दिवशी केंद्रात जा, पण मूळ गोळ्या बंद करू नका.

मुलीच्या लग्नाची चिंता मी समजू शकतो. परंतु हा रोग आनुवंशिक नाही, आणि २०१९ च्या कायद्याने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारणही उरलेले नाही. निदान पक्के झाले, तर मुलीसह घरातील सर्वांची तपासणी होईल आणि ज्यांना देता येते त्यांना रिफॅम्पिसिनची एकच प्रतिबंधक मात्रा दिली जाईल. ती घेण्यास घरच्यांनी नकार देऊ नये. एकटीने जायला संकोच वाटत असेल, तर गावच्या आशाताईंना सोबत घ्या.