मोठ्या स्केलचा किट काढण्याआधी

जोडून बनवायच्या मॉडेल गाडीचा नवा किट काढायचा असेल, तर ग्राहकांना ‘१/८ स्केलमध्ये (म्हणजे खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश लांबीत) अशी गाडी आली तर आवडेल का?’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतील. आवडणं वेगळं आणि पैसे मोजणं वेगळं.

आधी आकार डोळ्यांसमोर आणून द्या. साडेचार मीटरची गाडी १/२४ मध्ये १९ सेंटीमीटरच्या आसपास भरते, १/८ मध्ये थेट ५६. एवढ्या लांबीचं मॉडेल ठेवणार कुठे, हा प्रश्न पुष्कळांना नंतर सुचतो. पुठ्ठ्याचा तेवढा ठोकळा कापून फडताळावर ठेवा आणि त्याचा फोटो दाखवा. इथेच निम्मी उत्साही मंडळी गळतील, पण उरतील ती खरी.

मग एकच भाग नीट बनवून दाखवा. माझं मत विचाराल तर तारांच्या आऱ्यांचं चाक. आरे एकमेकांना कसे छेदतात, नट रिमला कुठे टेकतात, हे जवळून पाहिल्यावर जाणकार आपणहून बोलू लागतात: बॉनेट उघडेल का, स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळतील का, प्लगच्या वायरी वेगळ्या मिळतील का. ते प्रश्न लिहून ठेवा. लाइकपेक्षा त्यांची किंमत फार जास्त.

शेवटी किंमत स्पष्ट सांगून परत मिळणारी थोडी आगाऊ रक्कम मागा. पैसे भरणारे पन्नास-शंभरच निघाले, तर प्लॅस्टिकच्या साच्यांचा खर्च अंगावर घेऊ नका. रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवात, छोटी बॅच काढा. आणि हो, गाडीच्या कंपनीकडून नाव-बोधचिन्ह वापरायची परवानगी त्याआधीच घ्या.