फेनिबट चिंतेवर खरंच काम करतं, मग सरकारं ते आता अचानक बंद का करतायत?

काम करतं म्हणूनच. फेनिबट हे मेंदूवर काम करणारं औषध आहे, जे ऑनलाइन सप्लिमेंट म्हणूनही विकलं जातं. नुसती पिठाची पुडी असती तर कोण कशाला मागे लागलं असतं?

आणि प्रश्नात तुम्ही 'आता अचानक' लिहिलंय, तर अचानक वगैरे काही नाही. ऑस्ट्रेलियाने २०१८ लाच ते प्रतिबंधित यादीत टाकलं, अमेरिकेत एफडीएने (तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने) २०१९ मध्ये कंपन्यांना पत्रं पाठवून सांगितलं की हा आहारातला घटक नाही, सप्लिमेंट म्हणून विकू नका, अलाबामा राज्याने २०२१ मध्ये थेट अमली पदार्थांच्या कायद्यात घेतलं. मूळ औषध १९६०च्या दशकातलं, सोव्हिएत रशियातलं. अंतराळवीरांच्या औषधपेटीत असायचं ही गोष्ट विकणारे फार कौतुकाने सांगतात, पण तिकडे ते आजही डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं हे मात्र गाळतात.

माझ्या धाकट्या भावाला चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. मानसोपचारतज्ज्ञाने गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्यावर आमच्या दादाने घर डोक्यावर घेतलं, सवय लागते, मेंदू बधिर होतो, लोक काय म्हणतील, सगळं ऐकवून झालं आणि ती चिठ्ठी गेली कचऱ्यात. मग याने गुपचूप ऑनलाइन ही पावडर मागवली. पाकिटावर सप्लिमेंट लिहिलेलं, त्यामुळे पुढे दादाला कळलं तरी चाललं. सुरुवातीला पोरगा इतका खुलला की लग्नाकार्यात स्वतःहून जाऊन गप्पा मारायला लागला, आणि दादा मला म्हणाला, "बघ, गोळ्यांशिवाय जमलं की नाही?"

जमलं, पण डोस वाढत गेला. कारण याची सवय फार पटकन होते, कालचा चमचा आज पुरत नाही. मग विकणाऱ्याची साइटच गायब झाली आणि याच्याकडची पावडर संपली. झोप पूर्ण उडाली, हात थरथरायला लागले, खिडकीत माणसं उभी आहेत म्हणायला लागला. इमर्जन्सीत डॉक्टर विचारतायत काय घेतो, आणि दादा सांगतोय, "काही नाही हो, साधं सप्लिमेंट." नेहमीच्या ड्रग टेस्टमध्ये हे दिसतच नाही, त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ! शेवटी मी त्याच्या बॅगेतून पाकीट काढून डॉक्टरांच्या हातात दिलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. फेनिबट मेंदू शांत करणाऱ्या गाबा-बी नावाच्या रिसेप्टरवर काम करतं आणि बॅक्लोफेन हे स्नायू सैल करणारं औषधही तिथेच, म्हणून बॅक्लोफेन सुरू करून हळूहळू कमी केलं.

दादाचं अजूनही म्हणणं, "त्याने जास्त घेतलं, त्यात पावडरीचा काय दोष?" अरे पण किती घ्यायचं हे ठरवणार कोण? अमेरिकेत १९९४च्या कायद्यामुळे सप्लिमेंट बाजारात आणायच्या आधी कुणाची मंजुरी लागत नाही. २०२१ मध्ये छापून आलेल्या अशा सप्लिमेंटच्या तपासणीत एका सर्व्हिंगमध्ये (एका वेळच्या मात्रेत) २१ पासून ११६४ मिलिग्रॅमपर्यंत फेनिबट सापडलं, आणि रशियातल्या औषधाची गोळी असते साधारण २५० मिलिग्रॅमची. चिठ्ठीवरच्या गोळीला निदान मोजमाप असतं, विचारणारा कुणीतरी असतो. ज्या सवयीच्या भीतीने ती चिठ्ठी फेकली तीच सवय घरपोच आली, तीही डॉक्टरशिवाय.

त्यामुळे निर्बंध हवेतच, माझ्या मते आणखी आधी यायला हवे होते.

हां, नुसती बंदी घालून मोकळं होणंही मला पटत नाही. माल एका रात्रीत गायब झाला तर रोज घेणाऱ्यांचं तेच होणार जे आमच्याकडे झालं, आणि काहींना फिट्सही येतात. बंदीबरोबर दवाखान्यांना हे काय प्रकरण आहे ते कळवायला हवं. थोडं, क्वचित घेणाऱ्या प्रत्येकाची अशी गत होते असंही नाही.

तुम्ही स्वतः घेत असाल तर हे वाचून जोशात एकदम सोडू नका, आणि त्यावर दारू तर अजिबात नको. पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा, रोज किती घेता तो आकडा खरा सांगा. लाजून अर्धा सांगितलात तर कमी करायचं वेळापत्रकही त्या अर्ध्यावरच बसवलं जाईल. आणि सोबत कुणाला नेणार असाल तर आमच्या दादासारखा माणूस नेऊ नका.