वाचकांचे प्रश्न: हिरड्यांतलं रक्त आणि बोटांचे सांधे

प्रश्न: माझं वय ४६. मागच्या वर्षी रूमेटॉइड संधिवात निघाला, रक्ततपासणीत अँटी-सीसीपी बरंच वाढलेलं होतं. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या चालू आहेत. दात घासताना रक्त येतं, पण ते लग्नाआधीपासूनच. आता सांध्यांचे डॉक्टर म्हणतात, हिरड्या दाखवून या. सासूबाई म्हणतात, दात साफ करून घेतले की हलायला लागतात, त्यापेक्षा मीठ-तेल चोळ. त्यांना स्वतःला शुगर आहे. मला ना कीड, ना ठणका. मग बोटांशी हिरड्यांचा काय संबंध?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, ठणका नाही याचीच मला काळजी वाटते. कीड लागलेला दात रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस सकाळी दवाखाना गाठतो. हिरड्यांचा आजार बहुधा न दुखता वाढत जातो. इंदुरात हिरड्यांची डॉक्टर म्हणून काम करताना ‘रक्त तर पहिल्यापासून येतं’ हे वाक्य मी फार ऐकते, विशेषतः बायकांकडून. निरोगी हिरडीतून घासताना रक्त येत नाही.

दातांवर जिवाणूंचा चिकट थर रोज बसतो. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. म्हणजे इथवरचा आजार पूर्ण मागे फिरतो. पुढे सूज खाली उतरते आणि दाताभोवतीचं हाड झिजतं. ते मात्र आपोआप भरून येत नाही. हे हाड मुख्यतः जिवाणू खात नाहीत. त्यांना आवरायला आलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशी जी रसायनं सोडतात, त्यांनी हिरडीचे तंतू तुटतात आणि हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात. प्रतिकारशक्तीनं आपल्याच शरीराचं नुकसान करणं तुमच्या सांध्यांतही चाललं आहे.

आता अँटी-सीसीपीकडे येते. प्रथिनांमधल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन या दुसऱ्या घटकात रूपांतर झालं, की काही जणांच्या शरीराला ती प्रथिनं परकी वाटतात आणि त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात. तुमच्या रिपोर्टमध्ये मोजल्या आहेत त्या ह्याच. हिरड्यांच्या आजारातला एक मुख्य जिवाणू, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस, हा बदल घडवणारं एन्झाइम स्वतः बनवतो, हे १९९९ मध्ये कळलं. दुसऱ्या एका जिवाणूचं विष पांढऱ्या पेशींना भोकं पाडतं आणि त्या पेशींच्या आत हाच बदल मोठ्या प्रमाणावर घडवतं, हे २०१६ मध्ये दिसलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना हिरड्यांचाही आजार असलेल्या संधिवाताच्या रुग्णांच्या रक्तात तोंडातले जिवाणू वारंवार आढळले. या अँटीबॉडी सांधे धरण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून रक्तात असू शकतात. म्हणून त्यांची सुरुवात सांध्यांबाहेर, हिरड्यांत किंवा फुप्फुसांत होत असावी, असा संशय आहे.

पण हिरड्यांमुळेच तुम्हाला संधिवात झाला, असा अर्थ काढून स्वतःला दोष देऊ नका. आनुवंशिकता आहे, तंबाखू आहे. हिरड्या पार खराब असूनही सांधे ठणठणीत असलेली माणसं मी रोज पाहते. हिरड्यांच्या उपचारानंतर काही छोट्या अभ्यासांत सांध्यांची सूज उतरली, काहींत फरक पडला नाही. त्यामुळे मेथोट्रेक्सेटची एकही गोळी स्वतःच्या मनानं कमी करायची नाही. दात वाचवायचे म्हणून हिरड्यांवर उपचार घ्या. सांध्यांना त्यातून आराम पडला तर मला आनंदच होईल.

सासूबाईंची भीती खोटी नाही, कारण तसं अनुभवाला येतं. हाड झिजलेलं असतं आणि कडक किटण दातांना एकमेकांशी जखडून ठेवतं. ते निघालं की आधीच सैल झालेला दात हलताना जाणवतो, फटी दिसतात, काही दिवस गार पाणी झोंबतं. दोष मात्र झिजलेल्या हाडाचा. मीठ-तेलानं किटण निघत नाही.

डॉक्टर बारीक खुणांच्या सळईनं हिरडी आणि दात यांमधली फट मोजतील. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, ४ किंवा जास्त आणि वर रक्त, तर खोलवर सफाई लागते. आपल्या शासकीय दंत महाविद्यालयातही हिरड्यांचा वेगळा विभाग आहे. मिसरी लावत असाल तर संकोच न करता सांगा. गोळ्यांची चिठ्ठी न्या. तोंड येत असेल किंवा सतत कोरडं पडत असेल, तर तेही दोन्ही डॉक्टरांना सांगा. पहिलं मेथोट्रेक्सेटमुळे होऊ शकतं, दुसरं संधिवाताच्या जोडीनं येणाऱ्या एका आजारामुळे.

सकाळी तुमची बोटं आखडलेली असणार, तेव्हा ब्रश नीट फिरत नाही. म्हणून रात्रीचं घासणं मुख्य धरा. ब्रशच्या दांड्याला सुती पट्टी गुंडाळून तो जाड करून घ्या, पकड सोपी जाते.

आणि सासूबाईंनाही सोबत न्या. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या सुजल्या की शुगर आवरत नाही. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, सुमारे ०.४ नं (जसं ८ वरून ७.६ वर) उतरतो, असं अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं आहे.