रोल भरण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आत्याच्या कपाटात पडून असलेला पेंटॅक्स के-१००० तुझ्या हाती आल्याचे वाचून मनापासून आनंद झाला. १९७६ पासून १९९७ पर्यंत फारसा न बदलता बनत राहिलेला हा कॅमेरा आहे. त्याला साधा सेल्फ-टायमरसुद्धा नाही, आणि तरीही लग्नाच्या मांडवापासून पंढरीच्या वाटेपर्यंत माझ्या उमेदीच्या काळात गळ्यात तोच असायचा. कुठला रोल घ्यावा, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर शेवटी देतो, कारण सुरुवातीचे काही दिवस रोल न भरताच कॅमेरा वापरावा, असे माझे ठाम मत आहे.

रिवाइंडची कळ वर ओढलीस की मागचे झाकण उघडेल. लेन्सचे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) पूर्ण उघडे ठेव, शटर एका सेकंदावर लाव, फिल्म पुढे सरकवणारा खटका ओढ आणि मागच्या बाजूने पाहत बटण दाब. आरसा वर जाईल, रबराचा लेप दिलेल्या कापडाचा पहिला पडदा बाजूला सरकेल, आतल्या चाकांची बारीक घरघर ऐकू येईल आणि सेकंद भरताच दुसरा पडदा येऊन खिडकी बंद करील. घरघर मध्येच अडखळत असेल, तर आतले वंगण सुकले आहे असे समज आणि कॅमेरा जाणत्या कारागिराकडे दे. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाकण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळ. नंतर शटर १/६० सेकंदावर आणून पुन्हा पाहा. या वेगाला क्षणभर का होईना, सगळी खिडकी एकदम उघडी असते. त्याहून वेगवान शटरला पहिला पडदा पलीकडे पोहोचण्याआधीच दुसरा निघतो, म्हणजे फिल्मवरून फक्त एक फट सरकत जाते. फ्लॅश वापरताना १/६० च्या पुढे का जायचे नाही, याचे कारण हेच आहे. १/२५० वर फ्लॅश मारला, तर ग्रुप फोटोत एका बाजूचे पाहुणे काळ्या पट्टीत गडप होतात, आणि नेमके तेच पाहुणे आधी अल्बम मागतात.

या कॅमेऱ्याविषयी मला एवढी माया का वाटते, याचे उत्तरही यातच आहे. त्यात घडणारे बहुतेक सगळे डोळ्यांनी पाहता येते, म्हणून चुकीचे मूळ शोधता येते. बॅटरी फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरच्या सुईपुरती असते. ती संपली तरी शटरचे सगळे वेग चालू राहतात. मीटरला बंद करण्याचे बटणच नाही, तेव्हा काम झाले की लेन्सवर झाकण लावत जा, म्हणजे बॅटरी टिकेल.

आता त्या सुईविषयी. व्ह्यूफाइंडरच्या उजव्या कडेला ती हलताना दिसते आणि मधोमध आली की सारे ठीक, असे वाटते. पण मीटर दृश्याची सरासरी काढतो आणि जे समोर येईल ते मध्यम करडे आहे, असे धरून चालतो. वारीत पांढरे सदरे, धोतरे आणि टोप्या यांनी चौकट भरली की तो प्रकाश फार आहे असे समजतो. सुईचे ऐकले, तर ती शुभ्र धोतरे प्रिंटमध्ये मळकट उतरतात. अशा वेळी एक ते दीड स्टॉप जास्त द्यावा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). काळ्या म्हशींचा कळप समोर असेल, तर नेमके उलटे करावे. म्हणून सुई न पाहता प्रकाश ओळखायची सवय कर. ४०० च्या फिल्मला (हा आकडा तिच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा) स्वच्छ उन्हात १/५०० आणि अ‍ॅपर्चर १६ हे ठरलेले गणित आहे. आषाढातल्या दाट ढगांखाली तोच वेग ठेवून छिद्र मोठे करत ५.६ वर, कधी ४ वरही यावे लागते. आधी अंदाज वहीत लिही आणि मगच मीटरला विचार.

आमच्या वेळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ किंवा पूर्व जर्मनीचा ‘ऑर्वो’ मिळायचा. १०० फुटांचा डबा आणून अंधारात हाताने रिळे भरली, तर अठरा-एकोणीस रोल निघत आणि खर्च आवाक्यात राही. मे महिन्यात नळाचे पाणी तिशीच्या पुढे जाई आणि डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचे रसायन, तर २० अंशांचा हवा, म्हणून धुण्याच्या टाकीभोवती परातीत बर्फ रचून थर्मामीटरवर डोळा ठेवून बसावे लागे. उशीर झाला की बर्फ आणायला धाकट्या भावंडांना पिटाळायचे, हा त्यातला सर्वांत आनंदाचा भाग होता.

रोल भरशील तेव्हा टोक गुंडाळीच्या खाचेत नीट अडकव, झाकण लाव, रिवाइंडच्या कळीने फिल्म हलकेच ताणून घे आणि मग खटका ओढताना ती कळ उलटी फिरते का, ते पाहा. ती स्थिर राहिली, तर फिल्म पुढे सरकत नाही आणि आकडा वाढत असला तरी एकही फोटो येणार नाही. पावसाळ्यात कॅमेरा कातडी केसमध्ये मुळीच ठेवू नकोस. कातडे ओल धरते आणि लेन्सला बुरशी लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत तो सुखरूप राहील.

आता रोल. इलफर्डचा एचपी-५ प्लस किंवा कोडॅकचा ट्राय-एक्स घे. दोन्ही कृष्णधवल आणि ४०० चे आहेत. धुऊन झाला की मला प्रिंट पाठवू नकोस, कारण प्रिंट काढणारा तुझ्या एक्स्पोजरच्या चुका परस्पर सावरून घेतो. निगेटिव्हच्या पट्ट्या आणि अंदाजांची वही, एवढेच पाठव.

तुझा,
काका