'हस्तक्षेप' हा शब्द मुळातच वाईट आहे का?

प्रश्न असा आलाय : पुण्यातल्या एका कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे, विषय दिलाय 'मानवी हक्कांची पायमल्ली थांबवण्यासाठी परक्या देशात हस्तक्षेप करावा का', आणि अनुकूल बाजूने बोलणाऱ्या ताईंचं म्हणणं की 'हस्तक्षेप' हा शब्दच नकारात्मक आहे, विषय काढणाऱ्याने आधीच आमची बाजू पाडलीय, तिथे 'मध्यस्थी' किंवा 'मानवतावादी साहाय्य' असं हवं होतं. जाता जाता त्यांनी हेही विचारलंय की हत्याकांड, नरसंहार आणि वंशसंहार हे तिन्ही एकच का.

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. शब्द बदलायला सांगू नका, तो तुमच्याच फायद्याचा आहे.

आता का ते. 'पालकमंत्र्यांनी यात हस्तक्षेप करावा अशी नागरिकांची मागणी' हे वाक्य आपण पेपरात किती वेळा वाचतो, पाणीकपात असो, कचऱ्याचा प्रश्न असो की एसटीचा संप. कोर्टात 'हस्तक्षेप याचिका' दाखल होते, त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. पण 'राजकीय हस्तक्षेपामुळे बदली रखडली' म्हटलं की लगेच नाकं मुरडतात. म्हणजे शब्दाला स्वतःचा रंग नाही, कोण करतोय आणि कुणी बोलावलंय यावर तो रंग चढतो. उलट 'पालकमंत्र्यांनी ढवळाढवळ करावी' अशी मागणी आजवर कुणी केलेली नाही. निकाल आधीच लागलेला शब्द 'ढवळाढवळ' हा आहे. 'लुडबुड' त्याहून हलका, तो लहान पोरांना आणि रिकामटेकड्यांना शोभतो, महासत्तेला लावला तर ती टिंगल होते (करायला हरकत नाही, पण स्पर्धेत मार्क जातील).

व्युत्पत्ती थोडक्यात. हस्त अधिक क्षेप, क्षिप् म्हणजे टाकणे, फेकणे. आक्षेप, प्रक्षेप, निक्षेप, विक्षेप ही सगळी त्याच घरातली भावंडं. सरळ मराठीत 'हात घालणे'. आणि गंमत बघा, 'मूळ विषयाला हात घातला' ही दाद असते आणि 'पदराला हात घातला' हा गुन्हा असतो, क्रियापद तेच. फ्रेंच लोकांनी तर १९८०च्या दशकात याच्या पुढची मजल मारली, डॉक्टर बर्नार कुश्नेर आणि कायद्याचे प्राध्यापक मारिओ बेताती यांनी जी कल्पना मांडली तिला नाव दिलं 'द्रुआ दँजेराँस', आणि त्यातला 'अँजेराँस' म्हणजे चक्क आपली ढवळाढवळ. ढवळाढवळीचा हक्क! गोड शब्द शोधत बसले नाहीत, सरळ म्हणाले की हो, आम्ही दुसऱ्याच्या घरात शिरतोय आणि त्याचं कारण आमच्याकडे आहे.

'मध्यस्थी' का चालणार नाही? मध्यस्थ दोन्ही बाजूंना मान्य लागतो, दोघांच्या मध्ये तो उभा राहतो. मारणारा आणि मरणारा यांच्यात मध्ये उभं राहून काय तडजोड करणार, निम्मे मारा म्हणणार? रवांडात मध्यस्थी झालीच होती की. ऑगस्ट १९९३ मध्ये टांझानियात अरुशा इथे सरकार आणि बंडखोर यांच्यात करार झाला, सह्या झाल्या, युनोची फौज देखरेखीला आली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली. जवळजवळ शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं गेली, त्यातली बहुतेक तिथल्या अल्पसंख्य तुत्सी जमातीची. आणि कत्तल सुरू असताना सुरक्षा परिषदेने तिथली फौज वाढवायच्या ऐवजी २७० माणसांपर्यंत खाली आणायचा ठराव केला. मध्यस्थीचं काम संपलं होतं आणि दुसऱ्या कामाला कुणी तयार नव्हतं.

'साहाय्य' तर अजिबात नको. जून १९८७ आठवतंय का बघा, श्रीलंकेतल्या तमिळबहुल जाफन्याला सरकारी फौजांचा वेढा पडलेला, आपण होड्यांतून धान्य आणि औषधं पाठवली, श्रीलंकेच्या नौदलाने त्या परत पाठवल्या, तर दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, आपल्या एएन-३२ विमानांनी तीच मदत वरून टाकली आणि बरोबर संरक्षणाला मिराज विमानं होती. ज्या साहाय्याबरोबर लढाऊ विमानं जातात त्याला साहाय्य म्हणायचं का, हे कोलंबोला विचारा, त्यांनी त्याच दिवशी सार्वभौमत्वाचा भंग म्हणून आरडाओरडा केला होता. पुढे गेली ती आपली 'शांतिसेना', आणि ती लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशी लढून सुमारे १,२०० जवान गमावून १९९० मध्ये परत आली. शांती हा शब्द नावात होता तेवढाच.

बोलताना आपण यातलं काहीच वापरत नाही, आपण म्हणतो 'मध्ये पडणं'. वरच्या फ्लॅटमधून रोज रात्री बाईच्या ओरडण्याचा आवाज येतो आणि सगळा जिना म्हणतो, 'ते त्यांचं घरगुती मॅटर आहे, आपण कशाला मध्ये पडा.' युनोच्या सनदेतलं कलम २(७) म्हणजे हेच वाक्य सुटाबुटात, जी बाब मुळात देशाच्या अंतर्गत अधिकारातली आहे तिच्यात युनोने पडायचं नाही. आणि २(४) सांगतं की कुणी कुणावर बळ वापरायचं नाही. फक्त त्याच सनदेत सातवं प्रकरणही आहे, शांततेला धोका आहे असं सुरक्षा परिषदेने ठरवलं तर घरगुती मॅटर घरगुती राहत नाही. ठरवायचं मात्र पाच नकाराधिकारवाल्यांनी, आणि त्यातल्या प्रत्येकाचा कुणी ना कुणी मेव्हणा असतोच.

त्यामुळे ज्याला शिरायचंय तो आधी शब्द बदलतो. हैदराबादचंच घ्या, आपल्या मराठवाड्यात अजून जुनी माणसं 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. १३ ते १७ सप्टेंबर १९४८, रणगाडे, विमानं, सोलापूरकडून शिरलेली फौज, मूळ आराखडा इथे पुण्याला सदर्न कमांडचे प्रमुख असलेल्या गोडार्ड साहेबांचा, आणि नाव काय तर पोलीस कारवाई. का, तर पोलीस स्वतःच्या हद्दीत जातात, परराष्ट्रात जातं ते सैन्य. निजामाने तक्रार सुरक्षा परिषदेत नेली होती, तेव्हा हे नाव म्हणजे अर्धा युक्तिवादच होता. रझाकारांचा उच्छाद खरा होता, माझ्या मते कारवाई करायलाच हवी होती, पण नंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे हल्ले झाले त्यात सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीच्या अंदाजाप्रमाणे २७ ते ४० हजार माणसं मेली, आणि 'पोलीस ॲक्शन' या आटोपशीर नावात ती मावत नाहीत. याच सुमारास डच लोक इंडोनेशियातल्या त्यांच्या लढायांना, १९४७ आणि १९४८ च्या, 'पोलिसी कारवाई'च म्हणत होते, आणि १९५० मध्ये कोरियाच्या युद्धाला ट्रुमन यांनीही हेच नाव चालवून घेतलं. तीनचार वर्षांत तीन खंडांतल्या सरकारांना एकच शब्द सुचावा! अलीकडचं उदाहरण रशियाचं, फेब्रुवारी २०२२, 'विशेष लष्करी कारवाई', आणि कारण दिलं पूर्व युक्रेनच्या डोनबासमधला वंशसंहार. युक्रेनने तेच पकडलं आणि दोनच दिवसांत आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, की हा शब्द खोटा वापरून आमच्यावर हल्ला केलाय.

तुम्हाला मुद्दा मांडायचा असेल तर १९७१ सोडू नका, कारण ते आपलं आहे आणि कागदोपत्री सगळ्यात विचित्र आहे. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराची कारवाई सुरू झाली, दोनतीन दिवसांतच तिथले अमेरिकन कॉन्सल जनरल आर्चर ब्लड यांनी वॉशिंग्टनला तार केली आणि तिच्या मथळ्यातच 'निवडक वंशसंहार' असे शब्द होते, स्वतःच्या सरकारला न आवडणारे. डिसेंबरपर्यंत इकडे कोटीभर निर्वासित आले, आपल्याकडे पोस्टाच्या पाकिटावर पाच पैशांचं रेफ्युजी रिलीफचं जादा तिकीट लावावं लागायचं, घरात जुनी पत्रं असतील तर बघा, बऱ्याच पाकिटांवर सापडेल. युनोत आपले समर सेन म्हणाले त्याचा मतितार्थ असा की एवढी माणसं शेजाऱ्याच्या अंगावर लोटणं हेही एक आक्रमणच आहे. काय डोकं आहे बघा, म्हणजे प्रश्न 'तुमच्या घरातलं' राहतच नाही, 'आमच्या घरात आलेलं' होतो. ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले आणि स्वसंरक्षणाचा रस्ता मोकळा झाला. आणि जग काय म्हणालं? ७ डिसेंबरला महासभेत युद्धबंदी करा, फौजा मागे घ्या या ठरावाच्या बाजूने १०४ आणि विरोधात ११. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकार होता म्हणून निभावलं. १६ तारखेला ढाका पडलं.

असंच १९७९ ला. व्हिएतनामने कंबोडियात घुसून तिथला हुकूमशहा पोल पॉट याला हाकललं, टांझानियाने युगांडात घुसून तिथल्या इदी अमीनला. आता यातलं कुणीच 'आम्ही मानवतेसाठी आलो' असं मुख्य कारण म्हणून दिलं नाही, सगळ्यांनी सीमेवरच्या हल्ल्यांकडे बोट दाखवलं. आणि बक्षीस म्हणून व्हिएतनामवर बहिष्कार, नि कंबोडियाची युनोतली खुर्ची पुढे कित्येक वर्षं पोल पॉटच्याच बाजूकडे. म्हणजे ज्या तीन हस्तक्षेपांनी खरंच कत्तल थांबली त्यांच्यावर मानवतेची पाटी नव्हती, हे तुमच्या प्रतिस्पर्ध्याला माहीत असेल तर तो वापरेल, त्याआधी तुम्ही वापरा.

दुसरा प्रश्न. हत्याकांड म्हणजे एका ठिकाणी, एका प्रसंगी केलेली कत्तल, जालियनवाला बाग. नरसंहार म्हणजे मोठ्या संख्येने माणसं मारणं, त्यात संख्येवर भर. वंशसंहार मात्र कायद्यातला शब्द आहे. राफाएल लेमकिन नावाच्या पोलिश ज्यू वकिलाने १९४४ मध्ये 'जेनोसाइड' घडवला, ग्रीक 'जेनोस' आणि लॅटिन '-साइड', आणि ९ डिसेंबर १९४८ ला त्यावर युनोचा करार झाला. त्यात राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट, गट म्हणून, पूर्ण किंवा अंशतः नष्ट करायचा हेतू लागतो. आकडा दुय्यम, हेतू मुख्य. कंबोडियात दीड ते दोन दशलक्ष माणसं मेली तरी २०१८ च्या निकालात वंशसंहाराची शिक्षा झाली ती व्हिएतनामी आणि चाम या अल्पसंख्य मुसलमान लोकांबद्दल, बाकी बहुसंख्य ख्मेर, म्हणजे मारणाऱ्यांच्याच वंशाचे, मेले तो 'मानवतेविरुद्धचा गुन्हा'. 'जेनोस' आणि आपला 'जन' हे एकाच मुळाचे, तेव्हा व्युत्पत्तीने 'जनसंहार' जास्त जवळचा, पण मराठीत जन म्हणजे लोक, त्यामुळे गटाचा अर्थ निसटतो. वंशसंहारच ठेवा, जरी 'वंश' म्हटलं की आपल्याला वंशाचा दिवाच आठवत असला तरी.

हा शब्द एवढा जड का, तर त्या करारावर सही करणारा देश वंशसंहार रोखायची जबाबदारी घेतो. म्हणून १९९४ मध्ये रवांडाबद्दल अमेरिकेचे प्रवक्ते 'वंशसंहाराची कृत्यं घडली असावीत' असं म्हणत राहिले, वंशसंहार घडतोय असं म्हणेनात, शेवटी एका पत्रकाराने विचारलं की अशी किती कृत्यं झाली म्हणजे वंशसंहार होतो? त्याला उत्तर नव्हतं.

एक विनंती, भाषणात 'वांशिक शुद्धीकरण' हा शब्द शक्यतो टाळा, किंवा 'तथाकथित' लावून वापरा. बोस्नियाच्या युद्धात रूढ झालेल्या मूळ शब्दातही साफसफाईच आहे, पण मराठीत 'शुद्धी' म्हटलं की गोमूत्र, गंगाजल, पंचगव्य सगळं पवित्र डोळ्यापुढे येतं. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिकात, युनोने सुरक्षित जाहीर केलेल्या गावात, सुमारे ८,००० पुरुष आणि मुलगे मारले, त्याला शुद्धी कसली म्हणता. 'वंशाच्या नावाने हुसकावणी' लांबलचक आहे पण खरं आहे.

कोसोव्होवरही प्रश्न येईलच. १९९९, तिथल्या अल्बेनियन लोकांवरचे अत्याचार थांबवायला म्हणून सर्बियावर नाटोची ७८ दिवस बॉम्बफेक, सुरक्षा परिषदेची परवानगी नाही. नंतर एका स्वतंत्र आयोगाने निष्कर्ष काढला तो मराठीत आणताना आपली पंचाईत होते, कारण कायद्याला धरून असलेलं आणि लोकांना रास्त वाटणारं, दोन्हीला आपण 'वैध' लिहितो, मग वाक्य होतं 'अवैध पण वैध'. 'बेकायदेशीर पण रास्त' असं म्हणा, काम झालं. २००१ पासून 'हस्तक्षेपाचा हक्क' मागे पडून 'संरक्षणाची जबाबदारी' आली, म्हणजे आपल्या लोकांना देशाने वाचवायचं आणि त्याने नाही वाचवलं तर जगाने, २००५ ला युनोच्या शिखर परिषदेत सगळ्या देशांनी मान्यही केली. आणि मग लिबिया. १७ मार्च २०११, ठराव १९७३, नागरिकांच्या रक्षणासाठी 'सर्व आवश्यक उपाय', १० बाजूने, भारतासह ५ तटस्थ. सात महिन्यांत गद्दाफी मेला, राजवट गेली, देशाचे तुकडे झाले. रशिया-चीनने सीरियाच्या वेळी या 'सर्व आवश्यक'ची आठवण ठेवून नकाराधिकार वापरला, आणि बिल भरलं सीरियन लोकांनी.

बोलावून आलेल्याचंही पुणेकरांनी विसरू नये. १८०२ ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी हरवल्यावर दुसरा बाजीराव वसईला पळाला, ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह केला, तैनाती फौज घेतली आणि तिच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख दिला. मे १८०३ ला इंग्रजांनी त्याला गादीवर बसवलं, शब्द पाळला, आणि १८१७ ला शनिवारवाड्यावर युनियन जॅक लागला. तिथे मानवी हक्कांचा संबंध नव्हता, मान्य, पण 'सरकारनेच बोलावलं होतं' हा युक्तिवाद कुणी केला तर हे उदाहरण पेठेतल्या परीक्षकांना लगेच कळेल.

माझं मत विचाराल तर, वंशसंहार चालू असताना पडावं मध्ये, १९७१ ला पडलो ते बरोबर केलं आणि रवांडात कुणी पडलं नाही ते चूक. पण जो पडेल त्याने त्याला हस्तक्षेपच म्हणावं. ज्याचा हात आत गेलाय त्याला 'कधी काढणार, आत काय मोडलं, भरून कोण देणार' असं विचारता येतं, साहाय्य करणाऱ्याला हे प्रश्न विचारले तर विचारणाराच कृतघ्न ठरतो. म्हणून ताई, विषय आहे तसा राहू द्या आणि पहिल्याच मिनिटात सांगा की हो, आम्ही हस्तक्षेपाच्याच बाजूने बोलतोय, समोरच्याची अर्धी तयारी तिथेच वाया जाईल.

आणि चिठ्ठीवर 'हस्ताक्षेप' लिहिलंय ते तेवढं दुरुस्त करा, 'हस्ताक्षर'च्या नादाने बरेच जण तो काना देतात.