गाडी आधी फाटकातून आत आणा, मग बुक करा

वाचकांचे प्रश्न : घरची गाडी

प्रश्न : आम्ही सावईवेऱ्याला राहतो. घरात पाच माणसं. मी, यजमान, चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, सहावीतली मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा. मी रोज फोंड्याला शाळेत शिकवायला जाते, जाऊन-येऊन साधारण 30 किलोमीटर. यजमान वेर्ण्याला कंपनीच्या बसने जातात, त्यामुळे गाडी बहुतेक वेळा माझ्याच हातात असते. वर्षातून दोनदा चोर्ला घाटातून बेळगावला माहेरी जाणं होतं. सध्याची हॅचबॅक आठ वर्षांची झाली. मला मारुतीची ब्रेझा आवडली आहे, यजमानांचं मन टाटाच्या नेक्सॉनवर आहे. दोन्ही पेट्रोल, मॅन्युअल. सासूबाईंचं गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पूर्वी त्या दर महिन्याला कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला यायच्या, हल्ली कुठेही चला म्हटलं की नको म्हणतात. आमचं फाटक साडेसात फूट रुंद आहे, पुढे चिऱ्यांच्या गडग्यामधून वळण. कोणती घ्यावी?
– एक वाचक, सावईवेरे

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इंजिन, फाटक, घाट हे सगळं तुम्ही नीट लिहिलंत, पण माझी नजर त्या एका वाक्यावर थांबली. सासूबाई हल्ली नको म्हणतात.

फोंड्यात माझं गॅरेज आहे, बत्तीस वर्षं झाली. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्याकडे एक ठेंगणी सेडान होती, दिसायला देखणी. आई म्हणायची, तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी. आम्हाला वाटलं वय झालं, उत्साह कमी झाला. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, बहीण तिच्या उंच गाडीतून आली आणि माटोळीचं, गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान आणायला निघाली, तर आई आपणहून पुढच्या सीटवर जाऊन बसली. मी बघतच राहिलो. त्या रात्री मी टेप घेतली. सोप्यावरची खुर्ची 18 इंच, तिच्यावरून आई हातांनी रेटून उठायची. तिचा पलंग 22 इंच, त्यावरून ती सहज उठायची. आणि माझ्या गाडीची सीट, माणूस बसून फोम दबल्यावर, 17 इंच. दीड वर्ष आई घरात बसून होती ती या पाच इंचांमुळे. ती कधी बोलली नाही, कारण मुलाच्या गाडीला नावं कशी ठेवायची.

म्हणून शोरूमला जाण्याआधी घरात टेप काढा. सासूबाई हात न टेकता कोणत्या पलंगावरून किंवा खुर्चीवरून उठतात, त्याची उंची मोजा. ती उंची कागदावर लिहून न्या. शोरूममध्ये पुढच्या डाव्या सीटवर कोणालातरी बसवा आणि जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंत मोजा. रिकामी सीट मोजू नका, फोम दबतो. आणखी एक माप घ्या, ते कोणी घेत नाही. दाराच्या खालच्या उंबरठ्याची जमिनीपासूनची उंची, आणि त्या उंबरठ्यापासून सीट किती आत आहे ते. उंच गाडी सोयीची असतेच असं नाही. सीट योग्य उंचीवर असली तरी उंबरठा रुंद आणि वर असेल, तर दुखरा गुडघा वाकवून पाय आत घेताना जीव जातो.

मग सासूबाईंना घेऊन जा. बसायची रीत आधी दाखवा. सीटकडे पाठ करून आधी टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत फिरवायचे. सीटवर गुळगुळीत कापड घातलं तर फिरणं सोपं जातं. दोन्ही गाड्यांत त्यांना तीन-तीन वेळा बसवा आणि उतरवा, कोणीही हात न देता. पहिल्या वेळी माणूस उमेदीने करतो, खरं काय ते तिसऱ्या वेळी कळतं.

कागदावर बघाल तर इथे ब्रेझा पुढे आहे. तिची उंची 1685 मिलिमीटर, नेक्सॉनची 1620. म्हणजे छप्पर अडीच इंच वर, मान कमी वाकवावी लागते. जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर मात्र नेक्सॉनचं थोडं जास्त, 208 मिलिमीटर. चढताना पाय किती उचलावा लागतो ते त्यामुळे प्रत्यक्षच बघा.

आता फाटक. ब्रेझा 1790 मिलिमीटर रुंद, नेक्सॉन 1804. फरक करंगळीएवढा. साडेसात फुटांच्या फाटकात दोन्हींना आरसे सोडून दोन्ही बाजूंना मिळून दीड फूट जागा राहते, त्यातच आरसेही मावले पाहिजेत. फाटक अडचण करणार नाही, गडग्याचं वळण करू शकेल. तिथे लागते ती नजर. ब्रेझाचं बॉनेट सपाट आहे, बसल्या जागेवरून त्याच्या कडांचा अंदाज लवकर येतो. नेक्सॉनमध्ये मागच्या काचेतून कमी दिसतं, कॅमेऱ्याची सवय करून घ्यावी लागेल. टेस्ट ड्राइव्ह म्हणून तुम्हाला तिस्कावरून एक चक्कर मारून आणतील. तेवढ्यावर समाधान मानू नका. गाडी घरी आणून तुमच्याच फाटकातून आत घेऊन बाहेर काढायची आहे, असं स्पष्ट सांगा. दोन्ही ठिकाणी सांगा. जो नाही म्हणेल, त्याला सोडा आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या शोरूममध्ये जाऊन बोला.

लांबी दोन्हींची अगदी सारखी, 3995 मिलिमीटर. हा योगायोग नाही. चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, म्हणून कंपन्या पाच मिलिमीटर राखून थांबतात. पण लांबीसोबत इंजिनाचीही अट आहे, पेट्रोल असेल तर 1200 सीसीच्या आत. नेक्सॉनचं इंजिन 1199 सीसी, ब्रेझाचं 1462. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर आले, त्यात नेक्सॉन 18 टक्क्यांत बसली आणि ब्रेझा 40 टक्क्यांत गेली. करापूर्वीची किंमत 8 लाख धरली तर 18 टक्क्यांनी 1 लाख 44 हजार होतात, 40 टक्क्यांनी 3 लाख 20 हजार. भावपत्रकं शेजारी ठेवताना हे ध्यानात असू द्या. जास्त मोजलेल्या पैशांतला बराच भाग करात जातो, गाडीत उतरत नाही.

इंजिनाचा स्वभाव वेगळा आहे, तो चालवल्याशिवाय समजत नाही. ब्रेझाचं चार सिलिंडरचं, टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून जोर वाढवणारा पंखा, नसलेलं. 137 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, पण सुरुवातीपासून एकसारखं ओढतं. बाजाराच्या दिवशी फोंड्यात दुसऱ्या गिअरवर रांगत जाताना ते कुरकुर करत नाही. नेक्सॉनचं तीन सिलिंडरचं टर्बो, 170 न्यूटन मीटर. आरपीएम खाली असताना ते थोडं सुस्त वाटतं, मग टर्बो जागा झाला की गाडी झेपावते. तुमच्या रोजच्या रस्त्याला ब्रेझा सोपी. चोर्ल्याला पाच माणसं, सामान आणि एसी लावून चढताना नेक्सॉनचा जोर उपयोगी पडेल. फक्त वळणाआधी गिअर उतरवायची सवय हवी. वळणात शिरल्यावर उतरवाल तर टर्बो झोपलेला असतो.

सामानाला नेक्सॉन मोठी, 382 लिटर. ब्रेझाची डिकी 328 लिटरची. बेळगावहून येताना माहेरच्या पिशव्या किती असतात ते तुम्हीच जाणता.

राहिली सुरक्षितता, आणि इथे मी यजमानांच्या बाजूने आहे. नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत 2018 मध्ये पाच तारे मिळाले. चाचणीचे नियम कडक झाल्यावर 2024 मध्ये नव्या रूपातल्या गाडीला पुन्हा पाच मिळाले, प्रौढांसाठीही आणि मुलांसाठीही. ब्रेझाच्या आधीच्या पिढीला 2018 मध्ये चार होते. एअरबॅग आज दोन्हींत सहा-सहा आहेत. पण गॅरेजमध्ये ठोकलेल्या गाड्या येतात तेव्हा मला एकच गोष्ट दिसते. मागे बसलेल्यांचे पट्टे गुंडाळलेले, नवेच्या नवे, कधी ओढलेच नाहीत असे. एअरबॅग पट्ट्याच्या मदतीला असते, पट्ट्याऐवजी नव्हे. मुलासाठी आयसोफिक्सची, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या कड्यांना थेट अडकणारी, बालआसनं मिळतात, गाडीच्या किमतीत ती खरेदी धराच. त्याला मांडीवर घेऊन बसायचं नाही, कवळ्यापर्यंतसुद्धा नाही. आणि आजीला पुढे बसवा, नातवाला मागे.

तर माझं मत : नेक्सॉन. करात वाचलेल्या पैशांतून बालआसन घ्या. एकच अट आहे. सासूबाई तिसऱ्या वेळीही नेक्सॉनमधून स्वतःच्या बळावर उतरल्या पाहिजेत. त्यांना ब्रेझात सोपं जात असेल आणि नेक्सॉनमध्ये त्या दाराला धरून क्षणभर जरी थांबल्या, तर डोळे झाकून ब्रेझा घ्या आणि जास्तीच्या कराची हळहळ करू नका. त्यांना तोंडी विचारू नका, त्या दोन्ही छानच म्हणतील. हात कुठे जातो ते बघा.

बाजूला पायरी बसवून देतो असं कोणी म्हटलं तर घाई नको. उतरताना पोटरी तिच्यावर घासते, आणि आपल्याकडच्या खडबडीत पाणंदीत तीच आधी आपटते.

प्रश्न : वरच्याच दोन गाड्यांपैकी नेक्सॉनचं डिझेल मॉडेल घ्यावं असं मित्र सुचवतात, घाटात जोर जास्त म्हणून. रोजचं चालवणं घर ते दुकान, 4 किलोमीटर. – एक वाचक, मडगाव

उत्तर : जोर जास्त आहे हे खरं, 260 न्यूटन मीटर. पण बीएस-6, म्हणजे सध्याच्या प्रदूषण नियमांतल्या, डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती काजळी जळायला इंजिन चांगलं तापावं लागतं, सलग काही वेळ मोकळ्या रस्त्यावर धावावं लागतं. चार किलोमीटरमध्ये ते होत नाही. जाळी भरत जाते, दिवा लागतो, मग तुम्ही माझ्यासारख्याकडे येता. रोज काणकोण ते पणजी असतं तर मीच डिझेल घ्या म्हटलं असतं. तुम्ही पेट्रोल घ्या.

प्रश्न : नव्या एसयूव्हीला सनरूफ आहे. गाडी फणसाखाली उभी असते. पहिल्याच पावसात छताच्या आतल्या कापडावर डाग आला. शोरूमवाले म्हणतात, सील चांगलं आहे. – एक वाचक, पेडणे

उत्तर : सील चांगलं असेलही. सनरूफची काच पाणी पूर्ण अडवत नाही, ते तसं बनवलेलंच नसतं. आत शिरलेलं पाणी चौकटीच्या पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली जमिनीवर जातं. फणसाची पानं, चीक, धूळ यांचा लगदा त्या भोकांत बसला की पन्हळ भरते आणि पाणी आत छतावर येतं. आपल्याकडे मृग लागला की चार महिने गाडीला उसंत नसते, त्यामुळे गाडी आतून कुजायला लागते ती इथूनच.

काच उघडा. पुढच्या एका कोपऱ्यात पेलाभर पाणी अगदी हळू ओता. त्या बाजूच्या पुढच्या चाकाजवळ ते टपकायला हवं. नाही टपकलं तर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हलक्या हाताने नळीत सरकवा. लोखंडी तार घालू नका आणि कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका. नळी आतून सुटली तर सगळं छत उतरवावं लागेल. चारही कोपरे असेच बघा, मे महिन्यात एकदा आणि चवथीच्या आधी एकदा. आणि शक्य असेल तर गाडी फणसाखालून हलवा.