शहरातून गावी परत आलोय. गावात काय चाललंय ते कसं कळेल आणि गावच्या कामात भाग कसा घ्यायचा?

तुम्ही लिहिलंय की 12 वर्षं पुण्यात काढून बायको-मुलांसह गावी राहायला आलात, गावच्या ग्रुपवर वाढदिवस आणि दशक्रियेचे निरोप सोडून काही येत नाही, आणि ग्रामसभा होऊन गेल्याचं महिन्याने कळलं. मीही सात वर्षांपूर्वी असाच परत आलो, माणदेशातल्या एका लहान गावात. तेव्हा आधी माझी चूक सांगतो.

पहिल्याच ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि "पाच वर्षांचा हिशेब द्या" म्हणालो. टाळ्या पडल्या, पण निवडणुकीत हरलेल्या गटाच्या. संध्याकाळपर्यंत मी त्यांचा माणूस ठरलो होतो. पुढे वर्षभर काहीही विचारलं की "याला कोण पढवतंय ते माहितीय आम्हाला." गट कुठल्या गावात नसतात? म्हणून माणसाचं नाव न घेता कामाचं नाव घ्या, आणि तेही एका वेळी एकाच कामाचं.

आता ग्रामसभेचं. कायद्याप्रमाणे वर्षाला किमान चार. बहुतेक गावांत त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास लागतात. सात दिवस आधी विषयांसकट नोटीस लावावी लागते, म्हणून त्या सुमारास पंचायतीच्या फळ्याकडे नजर टाकत जा. आमच्याकडे दवंडी कधीच बंद झाली, आता घंटागाडीच्या भोंग्यावर पुकारतात. खरी गोम पुढे आहे. सभेला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यातले जे कमी असतील तेवढे हजर लागतात. झेंडावंदन झालं की माणसं रानात जातात, तेवढी भरती होत नाही, सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. ती मग कुठल्यातरी बुधवारी अकरा वाजता पंधरा-वीस माणसांत होते आणि ठराव तिथे होतात. झेंड्याच्या दिवशी गेला नाहीत तरी चालेल, पण तहकुबीची तारीख विचारल्याशिवाय राहू नका.

पैशाचा अंदाज घरबसल्या येतो. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि वर्ष निवडलं की आराखड्यातली कामं आणि झालेला खर्च दिसतो. 15व्या वित्त आयोगाच्या (2021-26) केंद्राकडून आलेल्या पैशात 60 टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता सोडून दुसरीकडे वळवता येत नाही. तेव्हा त्यातून सभामंडप का नाही म्हणून भांडू नका, मी भांडून हसं करून घेतलंय.

ई-ग्रामस्वराजवरच मला शाळेजवळच्या 'हँडवॉश स्टेशन'चं बिल निघालेलं दिसलं. सकाळी जाऊन पाहिलं तर बेसिन होतं, फरशी होती, चार तोट्या होत्या. तोटी फिरवली, पाणी नाही. मागे वाकून बघितलं तर पाइप भिंतीतून वीतभर बाहेर येऊन संपलेला, आणि त्याच्या तोंडाला मुलांनी चिंध्यांचा बोळा कोंबलेला. या वेळी भाषण केलं नाही. कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या: काम अमुक, वर्ष अमुक, पाण्याची जोडणी राहिली आहे, ती करून मिळावी. दोन प्रती केल्या, एक पंचायतीत दिली आणि दुसरीवर पोच घेतली. पोच म्हणजे शिक्का, सही, तारीख. शिपाई म्हणाला, "भाऊसाहेब आले की देतील शिक्का." (ग्रामसेवकाचं 2024 पासून 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं, पण हाक भाऊसाहेबच.) भाऊसाहेबांकडे तीन गावं. दोनदा हेलपाटा पडला, पण शिक्का घेऊनच उठलो. तीन आठवड्यांत जोडणी झाली. तोंडी सांगितलं असतं तर "बघू" झालं असतं.

सभेत एवढंच करा: मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा. पहिल्याच विषयात ते वाचून कायम करायचं असतं, पण "सर्वांना माहीत आहे" म्हणून उरकतात. आमच्याकडे मी मागितलं तेव्हा कपाटाची किल्ली सापडायला अर्धा तास गेला. प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्ताची वही, बघूच देत नसतील तर माहितीचा अधिकार आहेच: अर्जाला 10 रुपये, मुदत 30 दिवस. मात्र तो पहिल्या महिन्यात काढू नका. लहान गावात तो अर्ज म्हणजे भांडणाची नोटीस समजतात.

मुलं झेडपीच्या शाळेत घातली असतील तर शाळा व्यवस्थापन समितीत शिरा. तिथे 75 टक्के सदस्य पालकच लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. पॅनेल लागत नाही, प्रचार लागत नाही. माझ्या मते नव्या माणसाला गावात शिरायला याहून चांगलं दार नाही. वहिनींना सांगा, ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. आमच्या गावात नळाच्या वेळेचा प्रश्न पहिल्यांदा तिथेच निघाला, पुरुषांच्या तो कधी लक्षातच आला नव्हता.

हे सगळं करण्याआधी मतदार यादीत नाव गावी आणा, कारण ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावच्या यादीतले मतदार. पत्ता बदलायला निवडणूक आयोगाचा फॉर्म 8 भरायचा. पंचायतीत जाऊन नुसतं "आठ द्या" म्हणालात तर घरपट्टीचा नमुना 8 हातात पडेल, तो वेगळा.

आणि ग्रुपवर बातम्यांची वाट बघू नका. विजेचा डीपी कधी जळला, टँकर कधी येणार, सभा का तहकूब झाली, हे सकाळी साडेसहाला डेअरीवर दूध घालायच्या रांगेत कळतं. तुमच्याकडे जनावर नसलं तर अर्धा लिटर विकत घ्यायला म्हणून जा, किटली मात्र घरची न्या. पिशवी घेऊन गेलात तर अजून पुण्याचेच समजतील.